पाटणचा मठ आणि निकुंभांची देवळे

शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणातली पौर्णिमा आणि चंद्रग्रहण. या पर्वकाळी खानदेशातल्या पाटण नगरात एका मठाला कायमचे उत्पन्न लावून देण्यात आले. देणारा निकुंभ वंशातला सोइदेव, मठ उभा करणारा चांगदेव ज्योतिषी, आणि मठात शिकवायचे ते चांगदेवाच्या आजोबांचे, म्हणजे भास्कराचार्यांचे ग्रंथ. संवत्सर आणि ग्रहण यांचा मेळ घालून अभ्यासकांनी हा दिवस ९ ऑगस्ट १२०७ असा धरला आहे. ग्रहणात दान करण्याची रीत जुनीच. पण ग्रहणाचे गणित शिकवणाऱ्या मठाला ग्रहणाच्याच दिवशी दान मिळावे, याहून योग्य मुहूर्त कोणता असणार? ग्रहण केव्हा लागणार आणि केव्हा सुटणार हे त्या दिवशी सगळ्या नगरात ज्याला अचूक सांगता आले असते, तोच दान घ्यायला पुढे उभा होता.

धरणगावच्या स्मरणिकेत चाळीसगाव तालुक्यातल्या या मठाला जागा का, ते आधी सांगायला हवे. आपले गाव पिढ्यान्‌पिढ्या बाजारपेठेचे. १६७४ मध्ये इंग्रजांनी इथे वखार घातली ती इथला व्यापार पाहूनच. १८२५ मध्ये आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली तिचे ठाणेही इथेच पडले. बालकवी ठोंबरे १८९० मध्ये याच गावात जन्मले. बाजार, सत्ता आणि विद्या या तिन्हींचा एकमेकांशी काय व्यवहार असतो, हा आपल्या गावाच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे, आणि त्याचे लेखी उत्तर आठशे वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात दगडावर कोरून ठेवलेले आहे. दाता कोण, चालक कोण, शिकवायचे काय आणि खर्च भागवायचा कसा, हे सगळे एकाच लेखात सांगणारी इतकी जुनी संस्था माझ्या माहितीत खानदेशात दुसरी नाही. म्हणून हा मठ चाळीसगावचा तितकाच आपलाही.

निकुंभ हे स्वतःला सूर्यवंशी म्हणवणारे लढवय्ये घराणे. देवगिरीच्या यादवांचे ते मांडलिक. सोळाशे गावांचा प्रदेश त्यांच्याकडे असल्याचा उल्लेख त्यांच्या लेखांत येतो, आणि पाटण हे त्यांचे मुख्य ठाणे. आज त्या गावाला आपण पाटणे म्हणतो. चाळीसगावच्या नैर्ऋत्येला अठरा-वीस किलोमीटरवर, सातमाळ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी ते आहे. वरच्या डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी. ती निकुंभांच्याही हजार-बाराशे वर्षे आधीची. शेजारी कण्हेरगड, नागार्जुन आणि सीतेची न्हाणी ही लेणी, खाली डोंगरी नदी. घाटमाथ्यावरचा माल खानदेशात उतरायचा आणि खानदेशचा वर चढायचा, त्या वाटेच्या तोंडावर हे नगर बसलेले होते. मांडलिक घराण्याने ठाणे इथेच का केले, हे जागा पाहिली की सांगावे लागत नाही.

या घराण्यात कृष्णराज, गोवन अशी नावे फिरून फिरून येतात. त्यांतला इंद्रराज आपल्या गोष्टीत महत्त्वाचा, आणि त्याच्याहूनही त्याची राणी श्रीदेवी. इंद्रराजाने पाटणला शिवाचे देऊळ बांधायला काढले, पण ते पुरे होण्याआधी तो वारला. मुलगा गोवन लहान. सगर कुळातल्या श्रीदेवीने मुलगा हाताशी येईपर्यंत कारभार पाहिला, आणि शके १०७५ मध्ये, म्हणजे ११५३-५४ च्या सुमारास, देऊळ पुरे झाल्याचा लेख कोरला गेला. हे महादेवाचे देऊळ पाटणे गावाजवळ आजही उभे आहे. पती गेलेला, वारस अज्ञान, भोवती यादवांसारखा बलाढ्य धनी आणि शेजारी टपलेले. अशा वेळी अर्धे राहिलेले देऊळ पुरे करणे म्हणजे घराणे अजून जागेवर आहे अशी दवंडी पिटण्यासारखेच होते. श्रीदेवीचे नाव खानदेशातल्या शाळकरी मुलांना माहीत असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

देऊळ बांधणारी घराणी त्या काळी खानदेशात आणखीही होती. वाघळीला शके ९९१ चा, म्हणजे १०६९ चा लेख आहे. त्यात मौर्य म्हणवणाऱ्या गोविंदराज नावाच्या मांडलिकाने शिवमंदिराला दिलेले दान नोंदले आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बळसाण्याला देवळांचा मोठा समूह आहे, आणि त्यातली एक इमारत मठाची मानतात. देवळाला लागून मठ, मठाला लागून अन्नछत्र, ही घडी बसलेलीच होती. निकुंभांचे वेगळेपण असे की त्यांनी मठाला दान देताना ग्रंथाचे नाव घेतले.

तो ग्रंथ 'सिद्धान्तशिरोमणि'. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, इसवी सन १११४. हा ग्रंथ त्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये पुरा केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे भाग. पुढे ११८३ च्या गणनेचा 'करणकुतूहल' हा पंचांग करणाऱ्यांच्या रोजच्या कामाचा ग्रंथ त्यांनी लिहिला, तेव्हा ते सत्तरीला टेकलेले होते. त्यांनी आपल्या गावाचे नाव विज्जडविड असे दिले आहे आणि ते सह्याद्रीजवळ असल्याचे सांगितले आहे. ते गाव नेमके कोणते यावर वाद आहे. पाटणचे अभिमानी ते आपल्याकडे ओढतात, इतर इतरत्र नेतात. पण जन्मगाव कोणतेही ठरले तरी त्यांच्या घराण्याचा पाटणशी असलेला संबंध वादाच्या पलीकडे आहे, कारण तो त्यांच्या नातवानेच कोरून ठेवला.

चांगदेवाने मठाच्या लेखात आपली वंशावळच दिली आहे. मूळ पुरुष त्रिविक्रम. त्याचा मुलगा भास्करभट्ट, ज्याला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली. मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, मग कवीश्वर म्हणवलेला महेश्वर, आणि महेश्वराचे पुत्र आपले भास्कराचार्य. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर. त्याची विद्वत्ता ऐकून यादव राजा जैत्रपालाने त्याला याच नगरातून देवगिरीला नेले आणि आपल्या दरबारच्या पंडितांत अग्रस्थानी बसवले. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. बाप देवगिरीला, मुलगा देवगिरीला. राजधानीत मान, पगार, पालखी सगळे असताना चांगदेवाने आजोबांच्या ग्रंथांची शाळा काढली ती मात्र पाटणला. राजाच्या अंगणात काढली असती तर दान अधिक मिळाले असते. तरी तो घराकडे वळला. विद्या जिथे रुजली तिथेच ती पुढच्या पिढीला द्यावी, असा काही विचार त्याच्या मनात असावा, असे मी समजतो.

आता दानाकडे वळू. लेखाचा बराचसा भाग संस्कृत श्लोकांचा आहे: वंशावळ्या, स्तुती, पराक्रम. उत्पन्नाची गोष्ट आली की भाषा बदलते आणि तेव्हाची बाजारातली मराठी सुरू होते. मला यात मोठे शहाणपण दिसते. स्तुती पंडितांनी वाचायची, पण पैसे द्यायचे ते तेल्याने, वाण्याने, गिऱ्हाइकाने. त्यांना कळेल अशा बोलीत ठराव लिहिला नाही, तर उद्या कोणी म्हणेल, आम्हाला ठाऊकच नव्हते. मराठी भाषेच्या सर्वांत जुन्या लेखांत या ओळींची गणना होते, आणि त्या ओळी तेल, सुपारी आणि मापे यांच्याबद्दल आहेत याचा आपल्यासारख्या पेठेच्या गावाला अभिमान वाटावा.

ठराव साधारण असा: पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला येईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारे उत्पन्न मठाला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्याही मठाला. तेलाच्या पहिल्या घाण्यातला ठरलेला भाग मठाला, आणि मग जितके घाणे चालतील तितक्या घाण्यांमागे एकेक पळी तेल. नगरात जे काही मापून द्यायचे ते मठाच्या मापाने मापायचे, आणि मापणावळीतला अर्धा वाटा मठाचा. याशिवाय जमीन. सोइदेवाच्या मागून त्याचा धाकटा भाऊ हेमाडिदेव आला, त्यानेही दान पुढे चालवले.

ज्याने बाजार समितीच्या आवारात तोलाई, हमाली आणि अडत यांचे हिशेब पाहिले आहेत, त्याला या ठरावातली बारकाई लगेच कळेल. घाण्याची पळी ही मोठी रक्कम नव्हे. पण घाणा रोज फिरतो. एका दिवसाचे तेल मोजले तर मठातला दिवा जळेल आणि विद्यार्थ्याच्या पोळीला पुरेल. वर्षाचे मोजले तर मठ चालेल. राजाने एकरकमी सोने दिले असते तर ते एका पिढीत संपले असते, किंवा पुढच्या राजाने परत मागितले असते. रोजच्या उलाढालीतला हा बारीक वाटा मागायला कुणी येणार नव्हते, आणि देताना कुणाला जडही जाणार नव्हता. मापाची गोष्ट तर आणखी पुढची. मठाचे माप हेच नगराचे माप ठरवले म्हणजे मापात खोट निघाली तर दोष मठाकडे जाणार, आणि मठात बसलेले लोक गणिताचे. व्यापाऱ्यालाही भरवसा, गिऱ्हाइकालाही भरवसा. गणिताच्या शाळेला एका अख्ख्या बाजारपेठेच्या मापाची राखण सोपवणारा हा ठराव ज्याने सुचवला, त्याला माझा मनोभावे नमस्कार.

याच सुमाराला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. जपानमध्ये मिनामोतो नो योरितोमो या सामुराईने कामाकुरा या समुद्रकाठच्या गावी आपली सत्ता बसवली. कुलदैवत हाचिमान याचे देवस्थान त्याने ११८० मध्ये आजच्या जागी, गावाच्या मधोमध आणले. ते 'त्सुरुगाओका हाचिमानगू' आजही गजबजलेले असते. ११९९ मध्ये योरितोमो वारला. त्याची विधवा मासाको संन्यासिनी झाली, पण सूत्रे तिच्या हाती आणि तिच्या माहेरच्या होजो घराण्याच्या हाती राहिली. तिने १२०० मध्ये एइसाई या झेन भिक्षूला बोलावून जुफुकुजी हा मठ काढला. पाटणच्या श्रीदेवीनंतर अर्धे शतक आणि चांगदेवाच्या मठाआधी सात वर्षे. दोघींना एकमेकींचे नाव ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही, पण धनी गेल्यावर घराणे सावरणाऱ्या या दोघींनी देवाधर्माच्या वास्तूचाच आधार घेतला.

होजोंनी पुढे कामाकुरात १२५३ मध्ये केंचोजी आणि १२८२ मध्ये एंगाकुजी हे मोठे मठ बांधले. दुसरा मंगोलांच्या स्वाऱ्यांत दोन्ही बाजूंनी पडलेल्यांसाठी. पण पाटणच्या मठाशी नाते जोडावे असे त्यांचे काम वेगळेच आहे. होजो सानेतोकी या सरदाराला ग्रंथांचा नाद. आजच्या योकोहामा शहरात येणाऱ्या कानाझावा या आपल्या जागी, १२७५ च्या सुमाराला, त्याने घराण्याच्या शोम्योजी देवळाशेजारी ग्रंथालय उभे केले: कानाझावा बुनको. १३३३ मध्ये होजोंचा पाडाव झाला. कामाकुरातल्या तोशोजी या त्यांच्या कुलदेवळात घराण्यातल्या शेकडो लोकांनी प्राण दिले, आणि ते देऊळ नाहीसे झाले. ग्रंथालय मात्र राहिले, कारण शेजारच्या शोम्योजीच्या भिक्षूंनी पोथ्या आपल्या ताब्यात घेऊन सांभाळल्या. पुढच्या शतकांत कित्येक पोथ्या बलवान सरदारांनी उचलून नेल्या, तरी उरलेला संग्रह टिकला. १९३० मध्ये तिथल्या प्रांतिक सरकारने तो नव्याने लोकांसाठी खुला केला, आणि आज ते संग्रहालय आहे.

पाटणच्या मठाचे असे झाले नाही. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला, आणि पुढच्या पाव शतकात यादवांचे राज्य बुडाले. धनी बुडाला तिथे मांडलिक कुठला उभा राहणार? चौदाव्या शतकाच्या अखेरीस खानदेशात फारुकी घराणे आले, थाळनेर आणि बुऱ्हाणपूर ही नवी ठाणी झाली, व्यापाराच्या वाटा तिकडे वळल्या. मठाचे सगळे उत्पन्न पाटणच्या बाजारावर टांगलेले होते. बाजार उठला तशी पळी रिकामी झाली, असे मला वाटते. ज्या बारकाईचे मी वर इतके कौतुक केले, तिचीच ही दुसरी बाजू. सानेतोकीच्या ग्रंथालयाला शेजारचे देऊळ होते. चांगदेवाच्या मठाच्या शेजारीही देवीचे देऊळ होते, पण मठाचे उत्पन्न देवळाच्या हाती दिलेले नव्हते. बाजार असा उठून जाईल, ही कल्पना त्या वेळी कोणी करावी?

ग्रंथ वाचले ते मठामुळे नव्हे, नकलांमुळे. चांगदेवाच्या आधीपासून आणि नंतरही हिंदुस्थानभर पंडित 'लीलावती' उतरवून घेत राहिले. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये तिच्यावर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने तिचे फारसी भाषांतर केले. आपल्या मातीतली ही पोथी काबूल-लाहोरच्या मुन्शींच्या हाती गेली, तेव्हा पाटणच्या मठाचे नावही त्या वाचणाऱ्यांना ठाऊक नसणार.

भास्कराचार्यांच्या घराण्याची दुसरी शाखाही याच भागात होती. गिरणाकाठी बहाळला शके ११४४ चा, म्हणजे १२२२ चा लेख आहे. भास्कराचार्यांचा भाऊ श्रीपती, त्याचा नातू अनंतदेव, हाही सिंघणाच्या पदरी मुख्य ज्योतिषी. त्याने बहाळला भवानीचे देऊळ बांधले, आणि लेखाचे श्लोक त्याच्या भावाने, महेश्वराने रचले. पाटण आणि बहाळ ही दोन्ही चाळीसगाव तालुक्यातली गावे. म्हणजे एका पिढीत एका घरातल्या दोन नातवंडांनी एकाच तालुक्यात, एकाने मठ आणि एकाने देऊळ, अशी आपली नावे दगडावर ठेवली.

हा सगळा इतिहास आपल्या हाती आला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यामुळे. मूळचे गोव्याचे, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून पहिल्या तुकडीत बाहेर पडलेले वैद्य, आणि शिलालेखांचे वेडे. पाटणच्या भवानीच्या देवळातला हा लेख त्यांनी उजेडात आणला आणि १८६५ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. पुढे कीलहॉर्न या जर्मन पंडिताने 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात त्याचे बारकाईने वाचन छापले. वाघळी आणि बहाळचे लेखही त्याच मालिकेत आले. दिवसभर रोगी तपासून रात्री ताम्रपट आणि ठसे घेऊन बसणाऱ्या या डॉक्टरांचे खानदेशावर ऋण आहे.

आज पाटण्याचा मठ नाही. देवी आहे. चंडिकेचे काळ्या पाषाणातले देऊळ आणि त्याच्या भिंतींचे तारकेसारखे कोन जागच्या जागी आहेत. समोर दीपमाळा, मागे डोंगराचा कडा, आणि भोवती गौताळा औट्रमघाट अभयारण्याचे जंगल. हे अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले. औट्रम म्हणजे आपल्या धरणगावात भिल्ल पलटण उभी करणारा तोच आउट्रम. नवरात्रात आणि चैत्रात यात्रा भरते. खानदेशातल्या कितीतरी घरांची ती कुलदेवी. लग्न झाले की नवी जोडी पाटणादेवीला जाते, बाळाचे जावळ तिथे काढतात. निकुंभांचे राज्य गेले, मठाचे तेल आटले, पण देवीचे उत्पन्न कधी बाजारावर अवलंबून नव्हते. ते घराघरांतून येत राहिले, आणि अजून येते.

२०१४ मध्ये भास्कराचार्यांच्या जन्माला नऊशे वर्षे झाली. त्या निमित्ताने चाळीसगावात आणि राज्यभर कार्यक्रम झाले. आता आपल्याकडून दोन कामे व्हावीत असे मी सुचवतो. मठाच्या लेखातल्या मराठी ओळी, आजच्या मराठीतल्या अर्थासह, धरणगावच्या शाळांच्या फळ्यांवर श्रावणी पौर्णिमेला लिहिल्या जाव्यात. आणि एरंडोल, भडगाववरून चाळीसगावकडे जाणाऱ्या शैक्षणिक सहली पाटणादेवीच्या धबधब्यापाशी थांबून परत फिरतात, त्यांनी गावाजवळचे महादेवाचे देऊळ आणि वाटेतले बहाळ हेही पाहावे. सोबत गणिताचे शिक्षक असावेत. 'लीलावती'तला एखादा प्रश्न त्यांनी त्या देवळाच्या ओट्यावर बसून मुलांना घालावा, आणि उत्तर येईपर्यंत डबे उघडू देऊ नयेत.